खाज किरकोळ नसते : मंठ्यातले गाजर गवत, मलमाची ट्यूब आणि निदानाचा हक्क

शेतमजुराच्या अंगाला सुटलेली खाज हा आपल्याकडे चेष्टेचा विषय आहे, आजाराचा नाही. "खाजच तर हाय, मरायलाय का तू?" असे आधी मालक म्हणतो, मग मेडिकलवाला म्हणतो, आणि रोज ऐकून ऐकून शेवटी मजूर स्वतःही तेच म्हणायला लागतो. आमचे म्हणणे सरळ आहे. ॲलर्जी हा आजार आहे, तिला कारण असते, आणि बहुतेक वेळा ते शोधता येते. पण ज्यांच्या कातडीला ती रोज भोगावी लागते त्यांना मलम मिळते, गोळी मिळते, सुई मिळते. निदान तेवढे मिळत नाही.

मंठा तालुका घ्या. जालना जिल्ह्याच्या कडेला, एका बाजूला बुलढाण्याचे लोणार, दुसऱ्या बाजूला परभणीचे जिंतूर-सेलू. पिके कापूस, सोयाबीन, तूर. पावसाळा लागला की खुरपणी-निंदणी सुरू, दिवाळीच्या पुढेमागे कापूसवेचणी. हे काम कोण करते हे या लेखाच्या वाचकाला सांगायला नको. ज्यांच्या नावावर सातबारा नाही किंवा असलाच तर एक-दोन एकर कोरडवाहू, त्या बौद्ध, मातंग, बंजारा, पारधी आणि मुस्लिम घरांतल्या बाया. आणि पाटाच्या कडेला, बांधावर, गायरानात, एसटी स्टँडच्या मागे, शाळेच्या आवारात, सगळीकडे उगवते ते पांढऱ्या बारीक फुलांचे गाजर गवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणते, कोणी चटक चांदणी.

या गवताचा आणि महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. भारतात हे तण फैलावत असल्याची पहिली ठळक नोंद १९५६ साली पुण्यातून झाली, आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञाची. अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या आणि गव्हाच्या पोत्यांबरोबर ते आले असे सांगितले जाते. त्याआधीचेही काही नमुने सापडल्याने अभ्यासकांत त्यावर वाद आहे. तो वाद अभ्यासकांनी मिटवावा. आपल्यासाठी पुढची गोष्ट महत्त्वाची. थोड्याच वर्षांत पुण्याच्या आसपास लोकांच्या अंगावर एक विचित्र इसब दिसू लागला आणि १९७४ साली डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत तो जगाच्या वैद्यकीय साहित्यात मांडला. म्हणजे पन्नास वर्षे झाली. गाजर गवताने माणसाची कातडी सोलते हे विज्ञानाला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. मंठ्याच्या बाजारात हाताला फडके गुंडाळून बसलेल्या बाईला मात्र कोणी सांगितलेले नसते.

हा आजार होतो कसा, तेही नीट समजून घेऊ. या झाडात पार्थेनिन नावाचे रसायन असते. ते पानांत आहे, फुलांत आहे, झाडावरच्या बारीक लवेत आहे. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. महिनेच काय, कधी कधी वर्षे जातात. शरीराची संरक्षण यंत्रणा हळूहळू त्या रसायनाला शत्रू म्हणून ओळखायला शिकते, आणि एकदा शिकली की विसरत नाही. मग थोडासा संपर्कही पुरतो. म्हणूनच "वीस वर्षं निंदायलोय, आत्ताच कसं झालं?" हा प्रश्न चुकीचा ठरतो. वीस वर्षे निंदले म्हणूनच झाले. उपटायलाच हवे असेही नाही. सुकलेल्या झाडाचे बारीक कण वाऱ्यावर उडतात आणि उघड्या अंगावर बसतात. पापण्या सुजतात, कानामागे, मानेच्या घडीत, कोपराच्या आतल्या बाजूला कातडी लाल होते, मग जाड, काळी, भेगाळलेली. गवत वाढते त्या दिवसांत जोर धरते, हिवाळ्यात ते वाळून गेले की बरे वाटते. पुढच्या वर्षी पुन्हा. वर्षानुवर्षे असेच चालले तर नुसते ऊनसुद्धा सहन होत नाही. शेतमजुराला ऊन सहन न होणे म्हणजे काय, हे ज्याने रोजंदारी केली आहे त्यालाच विचारा.

इथे एक गोष्ट आम्हाला खटकते. या आजारावरच्या जुन्या रुग्णालयीन नोंदींत पुरुषांचे प्रमाण बायांपेक्षा कितीतरी जास्त दिसते. त्याला कपड्यांचे, शरीराचे काही खरे कारण असूही शकते, ते आम्ही नाकारत नाही. पण रुग्णालयाची नोंद ही रुग्णालयात पोचलेल्या माणसाचीच असते. दिवसाची मजुरी बुडवून, दोन एसटी बदलून, खाजेसाठी मोठ्या दवाखान्यात जाणारी निंदणारी बाई किती? आणि जी पोचलीच नाही तिची नोंद कोणत्या रकान्यात करायची? मोजणाऱ्याने आपल्याला मोजले नाही म्हणजे आपला आजार नाही, हा तर्क आपण जनगणनेत मान्य करत नाही, मग दवाखान्यात का करावा?

आता ती बाई काय करते ते पाहू. ती मेडिकलवर जाते. काउंटरवरूनच एक ट्यूब मिळते, स्वस्तात. लावली की दोन दिवसांत आग शांत. जादूच. त्या ट्यूबमध्ये बहुधा तीव्र स्टिरॉइड असते, आणि पुष्कळदा त्यातच बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषधही कालवलेले असते. काय झाले आहे हे कळत नसेल तर सगळे एकदम मारा, असा हा प्रकार. स्टिरॉइड मुळात वाईट औषध नाही. गाजर गवताच्या इसबात डॉक्टरांनी ठरवलेल्या ताकदीचे, ठरवलेल्या दिवसांपुरते ते द्यावेच लागते. पण महिनोन्महिने तोंडाला चोपडले की कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि ट्यूब बंद केली की आग पहिल्यापेक्षा दुप्पट. मग पुन्हा तीच ट्यूब. दुसऱ्या बाजूला अधूनमधून सुई घेण्याची सवय. त्या सुईत काय होते हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते, कारण चिठ्ठीच नसते. वारंवार स्टिरॉइडची सुई घेणाऱ्याची साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, तोंड सुजून गोल दिसायला लागते आणि घरचे म्हणतात, तब्येत सुधारली.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीला लावायची कितीतरी स्टिरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा. कायदा झाला. आता तालुक्याच्या बाजारात कोणत्याही दिवशी उभे राहून पाहा, चिठ्ठी मागितली जाते का ते. कागदावरचा कायदा आणि वस्तीवरचा कायदा यांतले अंतर आपल्याला नवीन नाही.

निदान म्हणजे काही मोठे गूढ नव्हे. त्याची सुरुवात प्रश्न विचारण्यापासून होते आणि ते प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनाही पाठ हवेत. खाज रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यांत पुरळ, घरातले सगळेच खाजवतात? मग ती ॲलर्जी नाही, खरूज आहे, आणि सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावल्याशिवाय जाणार नाही. जांघेत किंवा कंबरेला गोल चट्टा, कडा उठलेली, मध्ये साफ? तो नायटा. त्यावर स्टिरॉइडची ट्यूब लावली तर खाज थांबते आणि नायटा मात्र आतल्या आत पसरतो, इतका की पुढे डॉक्टरलाही ओळखू येत नाही. अंगावर गांधी उठल्या, इथल्या तिथे सरकल्या, चोवीस तासांत खूण न ठेवता गेल्या? त्याला आपण 'पित्त उठलं' म्हणतो आणि आमसुलाचे पाणी चोळतो. आमसुलाने थंड वाटते, वाटू द्या, पण त्याचा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही. साधी सेटिरिझिनची गोळी तिथे काम करते. आणि फिकट चट्टा आहे, खाज अजिबात नाही, उलट तिथे स्पर्शच कळत नाही, तर एक दिवसही न थांबता सरकारी दवाखाना गाठा. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि त्याचे औषध फुकट मिळते.

गाजर गवताची शंका आली तर खात्री करण्यासाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर लहान चकत्यांत संशयित पदार्थ ठेवून चिकटपट्टी लावतात, दोन दिवसांनी काढून पाहतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. सुई नाही, रक्त नाही. पण किमान दोन-तीन फेऱ्या. आणि ही सोय ग्रामीण रुग्णालयात नसते, वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात असते. मंठ्याहून वाटूर फाट्यावरून जालना साठेक किलोमीटर, तिथून घाटी रुग्णालय तेवढेच पुढे. तीन फेऱ्यांचे भाडे आणि बुडालेली तीन दिवसांची मजुरी हीच या 'स्वस्त' चाचणीची खरी किंमत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळे मोफत आहे, पण वैद्यकीय महाविद्यालये वेगळ्या खात्याची. विमा योजना तर रुग्ण खाटेवर पडल्याशिवाय जागी होत नाही. खाजेला कोण भरती करून घेणार? २०२४ मध्ये जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. त्याच्या श्रेयाचे फलक भरपूर लागले. तिथल्या त्वचारोग विभागात पॅच टेस्ट सुरू आहे का आणि गाजर गवताचा अर्क तिच्या संचात आहे का, हा प्रश्न फलक लावणाऱ्यांना विचारायला हवा.

याच्या उलट टोकाचीही एक फसवणूक आहे, ती आपल्या नोकरदार मंडळींच्या वाट्याला येते. रक्ताच्या एका नळीत शेकडो पदार्थांची ॲलर्जी तपासून देतो, अशी खासगी पॅकेजे. रक्तातली ही चाचणी ज्या आयजीई नावाच्या घटकावर चालते त्याचा संबंध गांधी, शिंका, दमा यांच्याशी. गाजर गवताचा इसब वेगळ्या वाटेने होतो, तो त्या कागदावर दिसणारच नाही. शिवाय कागदावर 'पॉझिटिव्ह' आले म्हणजे त्या पदार्थाने त्रास होतोच असे नाही. तरी पानभर यादी हातात पडते आणि माणूस वांगे, डाळ, शेंगदाणे, अंडी सगळे सोडून बसतो. एक गंमत आम्ही नेहमी पाहतो: कातडीचा कोणताही त्रास असो, पहिला सल्ला 'मटण-अंडी बंद करा, गरम पडतं'. अन्नाची ॲलर्जी खरी असते, कधी जीवघेणीही. पण अमुक खाल्ले की थोड्याच वेळात त्रास होतो, दर वेळी होतो, असे दिसल्याशिवाय गरिबाच्या ताटातले प्रथिन काढून घेणे हे वैद्यक नाही, सोवळे आहे.

कातडीची जी कथा तीच श्वासाची. दम्याचा रोगी शहरात इन्हेलर घेतो, खेड्यात सुई. इन्हेलरची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, ही अफवा इतकी घट्ट बसली आहे की शिकलेली पोरेही आईला इन्हेलर घेऊ देत नाहीत. खरे तर इन्हेलरमधले औषध थेट फुप्फुसात जाते म्हणून अगदी थोडे लागते. गोळीतून आणि सुईतून ते कितीतरी पट जास्त अंगभर फिरते. जागतिक आजारभाराच्या अभ्यासानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने मरणाऱ्यांपैकी सुमारे ४२ टक्के. हे जास्तीचे मरण कोणाचे, हे वेगळे सांगायची गरज आहे का? आणि दरवर्षी मृगाला मराठवाड्यातून माणसे हैदराबादला बथिनी गौड कुटुंबाचे माशाचे औषध गिळायला जातात. जिवंत मासा घशाखाली. त्याने दमा जातो याचा कोणताही पुरावा नाही, तिथल्या विज्ञानवाद्यांनी कितीदा तरी आव्हान दिले आहे. पण गर्दीला उभे करायला सरकारी मैदान मिळते, पोलीस मिळतात. आपल्या वस्तीतून कोणी निघाले असेल तर त्यांची थट्टा करू नका. श्वास अडकलेला माणूस काहीही गिळतो. त्यांना आधी इन्हेलर घ्यायला आणि तो नीट कसा ओढायचा हे शिकायला दवाखान्यात घेऊन जा.

आणि एक ॲलर्जी अशी की तिथे मिनिटे मोजायची असतात. शेतात गांधीलमाशी किंवा आग्या मोहोळ चावते, कोणाला सुई बाधते. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजलेली, घसा बसतो, श्वास घुसमटतो, चक्कर. यावरचे पहिले औषध ॲड्रेनलिन: प्रौढ माणसाला अर्धा मिलिलीटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, लगेच. ते स्वस्त आहे, आवश्यक औषधांच्या यादीत आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी आधी ॲव्हिल आणि डेक्साची जोडी टोचून वाट पाहिली जाते. ती औषधे नंतर उपयोगी पडतील, घसा मिटत असताना नाही.

आमच्याच काही मित्रांचा आक्षेप असतो: संविधान धोक्यात आहे, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, आणि तुम्ही खाजेवर लेख लिहिता? आम्ही विचारतो, बाबासाहेब महाडला पाण्यासाठी गेले तेव्हा तो शरीराचा प्रश्न नव्हता का? कोणत्या शरीराने कशाला शिवायचे, यावरच तर ही जातिव्यवस्था उभी आहे. आजारी भिक्खूला सोबत्यांनी टाकून दिले तेव्हा तथागतांनी स्वतः त्याला आंघोळ घातली, ही विनयातली कथा आपण वंदनेनंतर सांगतो. आणि दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते, ही मांडणी कोणत्याही चांगल्या डॉक्टरच्या केसपेपरपेक्षा वेगळी नाही. मलमाची ट्यूब दुसऱ्या पायरीवर, कारणावर, पडदा टाकते. आमचा राग त्या पडद्यावर आहे.

कायद्याकडे या. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. अदारकरांचा कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. कारखान्यातल्या कामगाराला आजारपणाच्या रजेचा पैसा आणि दवाखाना मिळाला. कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत रसायने आणि रंगांच्या संपर्काने होणारा त्वचादाह हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदला गेला. तो दिसला तर डॉक्टरने सरकारला कळवायचे. पण शेत म्हणजे कारखाना नव्हे. जालन्याच्या लोखंडाच्या मिलमधल्या कामगाराला कायद्यात निदान एक ओळ तरी सापडेल. मंठ्याच्या सोयाबीनमध्ये वाकलेल्या बाईचा हात त्याच रीतीने सोलला तर ती तिची 'वैयक्तिक खाज'. बाबासाहेबांनी सुरू केलेले काम बांधावर येऊन थांबले आहे, आणि ते पुढे न्यायची मागणी आपल्या एकाही पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे दिसत नाही. गटातटांच्या भांडणातून वेळ मिळाला तर बघा म्हणावे.

आणखी एक. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह असतो. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेने सुरू केलेला. कृषी खाते, शाळा, महाविद्यालये फोटो काढतात. हेतू चांगलाच आहे. पण फोटो झाल्यावर उरलेले गवत कोण उपटते? नगरपंचायतीचा सफाई कामगार आणि रोजगार हमीवरची बाई, उघड्या हाताने. आजार ज्यांना झाला त्यांनाच त्याच्या मुळाशी हात घालायला लावायचे. गवत फुलावर येण्याआधीच काढावे लागते, कारण एकेका झाडाला हजारो बिया. काढणाऱ्याला रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला फडके आणि काम संपल्यावर आंघोळीला पाणी हवे. कापडी मोजा ओला झाला की रस आत झिरपतो. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून आपल्या बायांनी अर्धी सोय स्वतःच केली आहे, उरलेली अर्धी काम देणाऱ्याने द्यायची. ज्याला हा इसब आधीच झाला आहे त्याला या कामावर लावूच नये. रिकाम्या जागी तरोटा पेरला तर तो गाजर गवताला दाबतो, आणि मेक्सिकन भुंगे १९८४ पासून भारतात सोडले जात आहेत, ते पाने खातात. म्हणजे माणसाच्या हातांशिवायही मार्ग आहेत, फक्त त्यात फोटो चांगला येत नाही.

मंठ्यातल्या आणि आसपासच्या तरुणांना आमचे सांगणे आहे की १४ एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब लागला की ग्रामीण रुग्णालयात एक अर्ज टाका, माहितीच्या अधिकारात. मागच्या बारा महिन्यांत ॲड्रेनलिन, सेटिरिझिन, साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइडचे इन्हेलर किती आले, किती दिवस साठा शून्य होता. त्वचारोगतज्ज्ञ महिन्यातून एकदा तरी येतो का. नसेल तर वर्षातून दोनदा, खुरपणीच्या दिवसांत आणि वेचणीच्या दिवसांत, पॅच टेस्टचे पथक तालुक्याला पाठवण्याची मागणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी करा, आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत तो विषय इतिवृत्तात नोंदवून घ्या. पथक सोमवारी येऊन पट्टी लावेल, बुधवारी काढेल, शुक्रवारी पुन्हा पाहील. त्या तीन दिवसांची मजुरी कोणी द्यायची, हेही त्याच अर्जात लिहा.